पंधरावं नाव

चौऱ्याण्णव साली आमच्या घरात एका गोष्टीवरून महिनाभर वाद चालला होता: गच्चीवर टीव्हीची स्वतःची छत्री बसवायची, की केबलवाल्याकडे मराठी चॅनल मागायचं. वाद मी जिंकले. हरले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आम्ही पुण्याहून बेंगळुरूला येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात नोकरी, मुलगी चार वर्षांची आणि मी घरी. मल्लेश्वरममधल्या एका शांत गल्लीत आम्ही घर भाड्याने घेतलं होतं. पुण्यात मी शाळेत शिकवायचे, दिवसभर तोंड चालू असायचं. इथे भाजीवालीसमोर बोटं नाचवून व्यवहार. मुलगी मात्र शेजारच्या पोरांत खेळून भराभर कन्नड उचलत होती. एक दिवस तिने पाणी मागितलं तेही ‘नीरु बेकु’ म्हणून. नवरा कौतुकाने हसला आणि मी डोक्यात राख घालून घेतली. तिच्याशी मराठी बोलणारी दिवसभरात मी एकटी, आणि मीच हल्ली गप्प गप्प राहायला लागले होते. हिचं मराठी इथेच संपणार, अशी धास्ती मला बसली होती.

केबल आमच्याकडे होती. नारळाच्या झाडाला वेढा घालून, दोन गच्च्या ओलांडून काळी वायर आमच्या खिडकीतून आत आली होती. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी सगळं दिसायचं. मराठी तेवढं नव्हतं. त्याच सुमारास कळलं, की एक मराठी चॅनल आता उपग्रहावरून सुरू झालंय आणि छत्री नेमक्या दिशेला लावली तर ते इथेही दिसतं.

नवऱ्याचा एक सहकारी सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी जाळीच्या छत्र्या बनवायचा. चांगल्या आठ फुटी, गच्चीत बोल्ट मारून घट्ट बसवायच्या. आमच्या घरमालकाची हरकत नव्हती.

“आपली छत्री, आपली गच्ची,” नवरा म्हणाला. “कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको.”

“म्हणजे चोरून बघायचं?” मी म्हणाले. “मराठी आहोत, काही पाप केलंय का? तेलुगू लोक मागतात, तमिळ लोक मागतात. आपणच का तोंडाला कुलूप लावायचं?”

“तुला टीव्ही बघायचाय की मोर्चा काढायचाय?”

हा प्रश्न मला झोंबला. खरं उत्तर ‘दोन्ही’ असं होतं. मी त्याच संध्याकाळी चप्पल पायात सरकवून केबलवाल्याच्या दुकानात गेले.

केबलवाला पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. सगळी गल्ली त्याला अण्णा म्हणायची. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि बेंगळुरी हिंदीत सांगितलं, “मेडम, एक चॅनल को एक रिसीवर लगता. आपके एक घर के वास्ते कैसे लगाऊं? पंद्रह घर लाओ. साइन करके लाओ. लगा देता.”

मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. पंधरा घरं! मल्लेश्वरमात पंधरा मराठी घरं मिळणार नाहीत? मुलीला काखोटीला मारून मी दारोदार फिरू लागले. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली सहा घरं पहिल्याच आठवड्यात मिळाली. मग तीन पिढ्यांपासून इथे असलेले एक शिंपी सापडले. त्यांच्या मराठीत दर दोन शब्दांमागे एक कन्नड शब्द. त्यांनी आपल्या नात्यातली आणखी घरं दाखवली. नाव, घर नंबर, सही, असे तीन रकाने मी पट्टीने आखले होते. चौदा घरांवर गाडी अडली. पंधरावं काही केल्या मिळेना.

आणि पंधरावं घर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्या समोरचंच.

समोरच्या दुमजली घराच्या तळमजल्यावर साठीच्या एक बाई राहायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले. मी आले तेव्हा मला वाटलं, कन्नडच आहेत. एक दिवसाआड सकाळी नळाला पाणी यायचं, तेव्हा आम्ही दोघी आपापल्या फाटकापाशी बादल्या भरायचो. एकदा भरलेली बादली त्यांच्या हातातून निसटून पायावर पडली आणि त्या कळवळल्या, “आई गं! मेले गं!” मी धावत गेले. त्यांचा पाय धरला आणि विचारलं, “अक्का, तुम्ही मराठी?” त्यांनी आधी वर बघितलं, वरच्या मजल्याच्या गॅलरीकडे. गॅलरीत कुणी नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, “हळू बोल की. आत ये.”

आत त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या निपाणीकडच्या. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, कन्नड लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकलेल्या. नवरा सरकारी नोकरीत, बदली होत होत धारवाडहून इथे आलेला. घर बघायला आले तेव्हा वरच्या मालकीणबाईंनी विचारलं, कुठले तुम्ही? नवऱ्याने सांगितलं, धारवाडकडचे. ते खोटं नव्हतं. पण मालकीणबाईंचे यजमान सीमाभागात नोकरीला असताना तिथल्या आंदोलनात त्यांच्या पायावर दगड बसला होता आणि ते मरेपर्यंत लंगडत होते. मराठी माणसाला घर द्यायचं नाही, असं त्या बाईंचं ठरलेलं होतं. हे अक्कांना कळलं ते सामान उतरवून झाल्यावर, महिन्याभराने.

“मग सांगायचं राहूनच गेलं बघ,” अक्का म्हणाल्या. “आज सांगू, उद्या सांगू. तीस वर्षं झाली.”

या तीस वर्षांत मालकीणबाई आणि अक्का जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या होत्या. रोज सकाळी मालकीणबाई कॉफीचा पेला घेऊन खाली यायच्या. अक्कांचे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस वरूनच जेवण येत होतं. अक्कांचा मुलगा म्हैसूरला, सून कन्नड, नातवंडं कन्नड. यजमान गेल्यापासून घरात मराठी बोलायला माणूस उरलं नव्हतं. त्यामुळे मी गेले की त्यांचा बांध फुटायचा. दुपारी मालकीणबाई झोपल्या की मी मुलीला घेऊन मागच्या दाराने जायचे. अक्का तिला निपाणीकडची गाणी म्हणून दाखवायच्या, मला विजेचं बिल वाचून दाखवायच्या, बसवरच्या पाट्या कशा ओळखायच्या ते सांगायच्या. मला कन्नड अक्षर ओ की ठो कळत नव्हतं. “काय गं पोरी, जेवलीस काय?” असं त्या विचारायच्या तेव्हा परक्या गावातलं माझं सगळं परकेपण निघून जायचं. हे मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा मला ते इतकं मोठं वाटलं नव्हतं. मला चॅनल हवं होतं.

यादी घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

“नको गं,” अक्का म्हणाल्या. “माझं नाव नको.”

“अक्का, एकच कमी पडतंय. कागद फक्त केबलवाल्याकडे जाणार.”

त्या भाजी निवडत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “बातम्या पण सांगतात काय त्यात? मराठीत?”

“बातम्या, कीर्तन, नाटक, सगळं. आवाज बारीक ठेवून बघा. वर कुणाला कळणार आहे?”

हे मी म्हणाले. चोरून बघायला नको म्हणून नवऱ्याशी भांडणारी मी. अक्कांनी हात पुसले, चष्मा लावला आणि माझं पेन घेऊन देवनागरीत सही केली. चौथीतल्या मुलीसारखं टपोरं, सावकाश, प्रत्येक अक्षरावर रेघ ओढून. मग माझं मनगट धरून म्हणाल्या, “हे गल्लीत कुणाला कळाय नको बघ. वर तर मुळीच नको. ह्या वयात मी कुठं घर शोधू? आणि त्यांना काय तोंड दाखवू?”

मी शब्द दिला.

यादी अण्णाला दिल्यानंतरच्या आठवड्यात शहर पेटलं. सरकारी टीव्हीवर दुसऱ्या एका भाषेतल्या बातम्या सुरू झाल्या होत्या, त्यावरून दंगल उसळली. आमच्या गल्लीत काही झालं नाही, पण बस बंद, मुलीची शाळा बंद, आणि पेपरात वाईट वाईट बातम्या. टीव्हीवर कुठली भाषा ऐकू यावी यावरून माणसं मरत होती. नवरा म्हणाला, “ती यादी परत आण. पंधरा घरांचे पत्ते लिहून दुकानात कशाला ठेवायचे?”

“त्यांचं भांडण वेगळं, आपला काय संबंध?” मी म्हणाले. पण आतून घाबरले होते. घाबरले होते हे कबूल करायचं नव्हतं, म्हणून गेले नाही. हेच माझं नेहमीचं. चार दिवसांनी शहर निवलं, बस सुरू झाल्या आणि मी तो विषय मनातून काढून टाकला.

आमच्या केबलवाल्याची एक पद्धत होती. त्याचं स्वतःचं एक व्हिडिओ चॅनल होतं, त्यावर रोज दुपारी कन्नड सिनेमा लागायचा. एक कॅसेट संपून दुसरी घालेपर्यंत मध्ये जो वेळ जाई, त्यात तो पुठ्ठ्यावर लिहिलेल्या पाट्या कॅमेऱ्यासमोर धरायचा. अमक्याच्या मुलाचा वाढदिवस, तमक्याकडे खोली भाड्याने देणे आहे, देवळात अन्नदान. सुंदर गोल अक्षरात, बाजूला रंगीत फुलं काढलेली. सगळी गल्ली सिनेमापेक्षा त्या पाट्यांसाठी बसायची. मी पण बघायचे, मुलीला मांडीवर घेऊन, फुलं बघत.

एका सकाळी फुलवाली दारात आली आणि तोंडभर हसून म्हणाली, “निम्म हेसरु टीवीयल्लि बंतल्ला, अम्मा!” तुमचं नाव टीव्हीवर आलं. एवढं कन्नड मला एव्हाना कळत होतं. माझं नाव? मी हसले, काहीतरी गंमत असेल म्हणून सोडून दिलं. मग घरात आले आणि यादी आठवली.

दुपारी मी टीव्हीसमोर बसले. पहिली कॅसेट संपली. एक पाळण्याचं चित्र काढलेली पाटी आली, एक घराचं चित्र काढलेली. तिसरी पाटी मोठी होती, भगव्या रंगात किनार काढलेली, खाली ओळीने लिहिलेलं. मला एक अक्षर वाचता येईना. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी घराचा नंबर होता आणि आकडे मला वाचता येत होते. सगळ्यात वर आमच्या घराचा नंबर. सगळ्यात खाली समोरच्या घराचा, तळमजल्याच्या खुणेसकट. ही पाटी मी आदल्या दोन दुपारी पाहिली होती. मुलीला म्हणालेही होते, बघ गं, किती छान किनार काढली आहे.

मी धावत दुकानात गेले. अण्णा आनंदात होता. “देखा मेडम? संडे को चॅनल चालू. सबका नाम डाला मैं. देवस्थान में दान देते ना, उनका नाम दीवार पे लिखते, वैसा. लोगों को खुशी होता.”

त्याला काय बोलणार? देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावं असतात, तशी त्याने मानाने लावली होती. मी त्याला सांगितलंच नव्हतं, की हे कुणाला कळता कामा नये. अक्कांना शब्द दिला आणि तो पाळायचा म्हणजे काय करायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी हात जोडून पाटी काढायला लावली आणि यादीचा मूळ कागद परत मागितला. त्याचं तोंड उतरलं, पण त्याने दिला. पंधराव्या ओळीत अक्कांची ती टपोरी सही होती. मी कागदाची घडी करून पर्समध्ये घातली आणि घरी परतले.

आमच्या फाटकात मालकीणबाई उभ्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरी साडी, ताठ मान. गेल्या दहा महिन्यांत त्या माझ्याशी दोन-चार वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या. त्या इंग्रजीत म्हणाल्या, “तुझ्या त्या यादीत माझ्या भाडेकरणीचं नाव आहे.”

“हो,” मी म्हणाले.

“मी तिला विचारलं. ती म्हणते, तिला काही माहीत नाही. ती म्हणते, पुण्याच्या त्या मुलीने आपल्या मनाने घातलं असेल.” शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होत्या. “तीस वर्षं मी तिच्याबरोबर कॉफी प्यायले आहे. म्हणून तुला विचारते. तिने सही केली, की तू नाव घातलंस?”

माझ्या खांद्याला पर्स होती, पर्समध्ये कागद होता. क्षणभर माझा संताप संताप झाला. अक्कांनी सगळं माझ्यावर ढकललं होतं. मला खोटारडी ठरवलं होतं. त्यात मी मराठी, त्या मराठी, यात लपवायचं काय आहे, हे ओरडून सांगावंसं वाटलं. मान वर केली तर समोर तळमजल्याच्या खिडकीत अक्का उभ्या होत्या. गज धरून. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मालकीणबाईंच्या पाठीकडे बघत होत्या.

“मीच घातलं,” मी म्हणाले. “एक नाव कमी पडत होतं. त्यांना विचारलं नव्हतं.”

“का? तिचंच का?”

“समोर राहतात म्हणून. त्या मराठी नाहीत हे मला माहीत आहे. चूक झाली.”

“कागद कुठे आहे?”

“फाडून टाकला.”

त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “तू शिक्षिका होतीस असं ऐकलं होतं.” आणि वळून गेल्या. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही, आणि तरी मी दुसरं काही म्हणू शकले नसते. घरात जाऊन मी कागद बाहेर काढला. पंधराही नावं फाडली, बारीक बारीक, आणि मोरीत सोडली. नवरा कारखान्यातून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो ‘मी म्हणालो होतो’ असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

पुढचे चार दिवस मी मागच्या दाराने गेले नाही. अक्काही नळावर दिसेनात. बहुतेक माझ्या आधी भरून जात असाव्यात. मी मनाची समजूत घालत होते, की थोडं शांत होऊ दे, मग जाऊ, माफी मागू, त्याही समजून घेतील. मालकीणबाईंचा कॉफीचा पेला रोज खाली येत होता, हे मी खिडकीतून बघत होते. तेवढं तरी वाचलं होतं.

रविवारी सकाळी चॅनल सुरू झालं. बटण फिरवलं आणि एक बाई स्वच्छ मराठीत बातम्या सांगू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुलगी म्हणाली, “ह्यात सिनेमा नाही?” आणि खेळायला पळाली. मी खिडकीतून बाहेर बघितलं. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. वर गॅलरीत मालकीणबाई पेपर वाचत होत्या. अक्का हे चॅनल आपल्या घरात आता कधीच लावू शकणार नव्हत्या. मी टीव्ही खिडकीकडे वळवला आणि आवाज मोठा केला. गल्ली ओलांडून जाईल इतका. निदान ऐकू तरी जावं.

अक्कांचा हात सुपात थांबला. मग त्या उठल्या. सूप बाजूला ठेवून फाटक उघडून सरळ आमच्या दारात आल्या. इतक्या दिवसांनी! मी धावत जाऊन दार उघडलं.

“अक्का, या ना, आत या. माझं चुकलं, अक्का—”

“सौंड स्वल्प कम्मी माडी,” अक्का मोठ्याने म्हणाल्या. वर गॅलरीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. आवाज जरा कमी करा. आणि मग, “ननगे मराठी बरल्ल. तले नोवु.” मला मराठी येत नाही. डोकं दुखतंय.

माझ्याशी त्या नेहमी ‘तू’ म्हणून बोलायच्या. आता ‘माडी’, अहो-जाहो, परक्या बाईशी बोलावं तसं. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. पण नजर माझ्या खांद्यावरून आत गेली होती, टीव्हीकडे. बातमी सांगणारी बाई कोल्हापूर भागातल्या पावसाचं काहीतरी सांगत होती. तिचं वाक्य संपेपर्यंत अक्का तिथेच उभ्या राहिल्या.

“सरी, अक्का,” मीही कन्नडमध्येच म्हणाले. बरं, अक्का.

त्या गेल्या. मी आत येऊन आवाज कमी केला. त्यानंतर आम्ही त्या घरात सहा वर्षं राहिलो आणि अक्का माझ्याशी कन्नडमध्येच बोलल्या.